सहा केल्विनचा थर्मामीटर, नऊ केल्विनचा नॉइज
एका अणुजोडणी प्रयोगशाळेतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोव्यात एका पठारावर असलेल्या शैक्षणिक संस्थेच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या एक-एक अणूच्या जोडण्या तयार करून त्यांतला विद्युत नॉइज, म्हणजे प्रवाहातली बेभरवशाची चढउतार, मोजण्याचे काम चालते. संस्थेची आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे ठोकळमानाने दिले आहेत.

जोडणी करण्याची रीत अशी. फॉस्फर ब्राँझच्या पट्टीवर कॅप्टॉनचा (विजेला अडवणाऱ्या प्लास्टिकचा) पातळ थर चिकटवतात. त्यावर ०.१ मिमी जाडीची सोन्याची तार ठेवून दोन बाजूंना स्टायकास्ट या इपॉक्सीचे थेंब टाकतात आणि दोन थेंबांच्या मध्ये ब्लेडने तारेला खाच पाडतात. पट्टी मागून स्क्रूने दाबली की ती वाकते, खाच ताणली जाते आणि शेवटी तार तुटते. पीझोच्या (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणाऱ्या तुकड्याच्या) मदतीने तुटलेली टोके पुन्हा जवळ आणली की एकाच अणूचा पूल बनतो. सोन्याच्या अशा पुलाची वाहकता जवळजवळ वाहकतेच्या एका क्वांटम एककाइतकी असते, म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्स, रोधात सांगायचे तर १२.९ किलोओम. त्यात थोडा हायड्रोजन सोडला की एका एककाखालच्या, निरनिराळ्या वाहकतेच्या स्थिर जोडण्याही मिळतात.

हे सगळे बंद चक्राच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिशीत पेटीत, होते. शीतकाचा पहिला टप्पा ४० केल्विनचा, दुसरा ४ केल्विनचा. कंपने नमुन्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून नमुन्याचा तांब्याचा ठोकळा दुसऱ्या टप्प्याला लवचीक तांब्याच्या वेण्यांनी जोडलेला आहे. त्यामुळे ठोकळा ४ केल्विनला न जाता ६.२ केल्विनवर स्थिरावतो. थर्मामीटर एकच, आणि तो या ठोकळ्यात.

नॉइजचे तीन प्रकार या प्रकरणात येतात. पहिला औष्णिक: १९२८ साली जॉन्सनने मोजलेला आणि नायक्विस्टने उलगडलेला, तापमान आणि वाहकता यांच्या गुणाकाराबरोबर सरळ वाढणारा. दुसरा शॉट नॉइज, शॉट्कीने १९१८ साली दाखवलेला. व्होल्टेज लावल्यावर इलेक्ट्रॉन सुटे-सुटे पार होतात म्हणून येणारा. तिसरा मात्र अगदी अलीकडचा. २०१८ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत ओरेन ताल यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की व्होल्टेज शून्य असले तरी जोडणीच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक असेल तर जास्तीचा नॉइज येतो. त्याला डेल्टा-टी नॉइज म्हणतात.

याचे कारण समजायला कठीण नाही. गरम बाजूला फर्मी पातळीच्या (शून्य केल्विनला इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेले असतात त्या ऊर्जा-पातळीच्या) वरचे इलेक्ट्रॉन जास्त असतात, थंड बाजूला खालचे. वरच्या पातळीवरून इकडून तिकडे आणि खालच्या पातळीवरून तिकडून इकडे सारखीच ये-जा होते, म्हणून एकूण प्रवाह शून्य. रायबंदर-चोडण फेरीबोटीने दोन्हीकडून सारखीच माणसे गेली तर चोडण बेटावरची डोकी तेवढीच राहतात, पण धक्क्यावरची वर्दळ काही थांबत नाही. जोडणीत ही वर्दळ बेभरवशाची होते ती इलेक्ट्रॉन कधी पार जातो आणि कधी परत फिरतो म्हणून. प्रत्येक वाहिनीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनांना जोडणीतून जायच्या प्रत्येक वाटेतून, पार जाण्याची शक्यता १ असेल तर परत फिरणे नाही, आणि डेल्टा-टी नॉइजही नाही. शक्यता अर्धी असेल तेव्हा तो सर्वांत जास्त.

हिशेब असा. तापमानांतला फरक भागिले सरासरी तापमान, त्याचा वर्ग. त्याला फॅनो गुणकाने आणि ०.१०७५ ने गुणले की डेल्टा-टी नॉइज औष्णिक नॉइजच्या किती पट ते मिळते. फॅनो गुणक म्हणजे सगळ्या वाहिन्यांसाठी 'पार जाण्याची शक्यता गुणिले परत फिरण्याची शक्यता' यांची बेरीज, भागिले पार जाण्याच्या शक्यतांची बेरीज. शॉट नॉइजचे प्रमाणही याच गुणकाने सांगतात. सूत्र लहान फरकासाठीचे आहे. एक बाजू अगदी शून्य केल्विन धरली तर, फॅनो गुणक बाजूला ठेवून, ते ०.४३ पट देते आणि नेमके उत्तर ०.३८६ पट येते. म्हणजे अगदी टोकालाही चूक अकरा टक्क्यांच्या आसपास.

अडचण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्याच मोठ्या वादळात वीज गेली, कॉम्प्रेसर थांबला आणि क्रायोस्टॅट गरम झाला. उघडल्यावर नमुन्याकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एक तुटलेली दिसली. ती बदलून, नवा नमुना लावून पुन्हा थंड केले.

सोन्याच्या एका अणूच्या जोडणीत शॉट नॉइज जवळजवळ नसतोच. १९९० च्या दशकाच्या शेवटी लायडनमध्ये झालेल्या मोजमापांपासून हे पक्के आहे, आणि याच प्रयोगशाळेत मे महिन्यापर्यंत ५ मिलीव्होल्टला फॅनो गुणक ०.०३ मिळत होता. आता तो ०.१४ येऊ लागला. एखाद्या जोडणीत नव्हे, प्रत्येक जोडणीत.

पहिले तीन आठवडे: अर्थिंग

मार्गदर्शक मॅडमांचा पहिला संशय अर्थिंगवर गेला. जांभ्याच्या पठारावर काम केलेल्या कोणाचाही जाईल. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थचा रोध वाढतो. मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने भरून घेतला, अॅम्प्लिफायर बॅटरीवर चालवले, केबलींच्या वाटा बदलल्या. तीन आठवडे गेले. नॉइज तसाच.

इथे एक साधी गोष्ट नजरेतून सुटली. अर्थचा रोध मे महिन्यात ९ ओम होता आणि जुलैत पावसाने जमीन भिजल्यावर ३ ओम झाला. अर्थिंग सुधारत असताना नॉइज वाढला होता, म्हणजे कारण उलट्या दिशेचे. शिवाय अर्थचा त्रास असता तर स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झच्या पटींत काटे उभे दिसले असते. मोजमापाच्या ५ ते १५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात रेषा सपाट होती. सपाट जास्तीचा नॉइज पाहिला की आधी तापमानाकडे पाहावे.

कॅलिब्रेशनने केलेली दिशाभूल

मग संशय अॅम्प्लिफायरवर आला. तपासणीसाठी १२ किलोओमचा मेटल फिल्म रेझिस्टर त्याच तारांना जोडून थंड केला. त्याचा नॉइज ६.३ केल्विनचा निघाला. अॅम्प्लिफायर बरोबर, केबल बरोबर, हिशेब बरोबर. मग दोष जोडणीतच, असा निष्कर्ष काढला गेला.

या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच. रेझिस्टर तांब्याच्या ठोकळ्यावर वार्निशने चिकटवला होता. रेझिस्टरचा औष्णिक नॉइज त्याच्या स्वतःच्या अंगाच्या तापमानाचा असतो आणि ते अंग ठोकळ्याला टेकून थंड होते. तारेतून उष्णता येत असली तरी ती रेझिस्टरमधून थेट ठोकळ्यात उतरत होती. खऱ्या नमुन्यात ही सोय नसते. तिथे सोन्याची तार खाचेपाशी अधांतरी असते आणि उष्णतेला ठोकळ्याकडे जायला वाट एकच: स्टायकास्टचा थेंब आणि कॅप्टॉनचा थर. अशा थेंबातून एका केल्विनला पाऊण ते एक मिलीवॉटच उष्णता जाते. आणि अणुजोडणीतला नॉइज जोडणीच्या अंगाचा नसून दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रॉनांच्या तापमानांचा असतो. कॅलिब्रेशनने नेमका हाच फरक झाकला.

आणखी दोन शंका होत्या, त्या लवकर फिटल्या. केबलींची धारिता ३०० पिकोफॅरड होती. एका एककाच्या जोडणीला त्यामुळे ४१ किलोहर्ट्झवर आणि अर्ध्या एककाच्या जोडणीला २० किलोहर्ट्झवर उतार लागतो, म्हणजे सिग्नल कमी होऊ लागतो. त्याची दुरुस्ती हिशेबात आधीपासून होती आणि ती तपासली. दुसरी शंका शून्य व्होल्टेज खरोखर शून्य नसण्याची. १०० मायक्रोव्होल्टची चूक धरली तरी ६.२ केल्विनला नॉइज ०.३ टक्के गुणिले फॅनो गुणक एवढाच वाढतो. इथे वाढ चाळीस टक्क्यांहून जास्त होती.

निर्णयाचा पहिला टप्पा: नवा शोध की जुनी उष्णता

दरम्यान दुसरा एक विद्यार्थी हायड्रोजन सोडून ०.२ ते ०.५ एककांच्या जोडण्या मोजत होता. शून्य व्होल्टेजला जास्तीचा नॉइज दिसतो, आणि वाहकतेबरोबर वाढतो, हे त्याने पाहिले. डेल्टा-टी नॉइजही या भागात वाढतोच: ०.२ एककाला 'शक्यता गुणिले उरलेली शक्यता' ०.१६ येते, ०.५ ला ०.२५. दोन बाजूंत नकळत तापमानाचा फरक आहे आणि आपल्याला डेल्टा-टी नॉइज दिसतो आहे, असे मांडून एका परिषदेला गोषवारा पाठवला गेला.

अर्धे निदान खरे होते. तापमानात फरक होताच. पण जास्तीच्या नॉइजचा मोठा भाग डेल्टा-टी नॉइज नव्हता.

गटातल्या एका संशोधक विद्यार्थिनीने आलेख वेगळ्या तऱ्हेने काढला तेव्हा ते उघड झाले. तिने नॉइजला वाहकतेने आणि बोल्टझमन स्थिरांकाच्या चौपटीने भागले, म्हणजे प्रत्येक जोडणीचे 'नॉइज तापमान' काढले. ०.२ पासून ३ एककांपर्यंत सगळे बिंदू ८.८ ते ९ केल्विनच्या आडव्या पट्ट्यात पडले. एका एककालाही ८.८. डेल्टा-टी नॉइज असता तर एका एककाशी तो बुडायला हवा होता. तिथे पार जाण्याची शक्यता जवळजवळ १ असते. बुडाला नाही. वाहकतेबरोबर सरळ रेषेत वाढतो तो साधा औष्णिक नॉइज, फक्त जास्त तापमानाचा.

हे कागदावर आधीही दिसू शकले असते. एक बाजू थर्मामीटरच्या तापमानाला, दुसरी त्याहून गरम, असे धरा. औष्णिक नॉइज दोन्हींच्या सरासरीचा, म्हणून तो थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा फरकाच्या निम्म्याने जास्त. डेल्टा-टी नॉइज त्यावर भर घालतो, पण ती भर या निम्म्या वाढीच्या ०.३८६ पट गुणिले फॅनो गुणक यापलीकडे कधीच जात नाही. आणि तेवढी व्हायलाही थंड बाजू शून्य केल्विनला असावी लागते. थंड बाजूच्या थर्मामीटरवरून 'जास्तीचा नॉइज' मोजणाऱ्याला नेहमीच मुख्यतः सरासरी दिसते.

फॅनो गुणक का फुगला तेही याच आकड्यातून सुटले. हिशेबात शून्य व्होल्टेजचा नॉइज मोजलेला घेत नव्हते, थर्मामीटरच्या ६.२ केल्विनवरून काढत होते. ५ मिलीव्होल्टला व्होल्टेजची ऊर्जा, निम्मी करून, २९ केल्विन भरते. खरे तापमान ८.८ आणि खरा गुणक ०.०३ असेल तर एकूण नॉइज ९.४ केल्विनचा. तो ६.२ पासून मोजला तर गुणक ०.१४ निघतो. नेमका तोच.

पर्याय

यापुढे चार वाटा होत्या. तापमान हिशेबात मोकळे सोडून, म्हणजे थर्मामीटरचा आकडा न धरता मोजमापांवरूनच काढून, जुने आकडे दुरुस्त करायचे आणि पुढे जायचे. ही सर्वांत स्वस्त, पण कारण तसेच राहणार. क्रायोस्टॅट उघडून दोष शोधून लगेच दुरुस्त करायचा. उघडायचा, पण दोष तसाच ठेवून गरम बाजूला दुसरा थर्मामीटर लावून आधी खात्री करायची. किंवा फरक मुद्दाम वाढवून खराखुरा डेल्टा-टी प्रयोग करायचा.

प्रत्येक उघडझापीची किंमत ठरलेली होती: गरम व्हायला २० तास, नमुना लावून निर्वात करायला एक दिवस, थंड व्हायला १४ तास. गणेश चवथ दोन आठवड्यांवर आली होती आणि त्या दिवसांत प्रयोगशाळेत कोणी नसणार. दुसऱ्या विद्यार्थ्याला चौथी वाट हवी होती, कारण गोषवारा आधीच गेलेला. मॅडमांनी आधी पहिली वाट घेतली, पण केवळ तपासणी म्हणून: तापमान मोकळे सोडून सगळ्या जोडण्यांवर रेषा बसवा, उघडू नका. चार तासांचे काम. सगळीकडे तापमान ८.८ च्या आसपास आणि एका एककाचा गुणक ०.०३ आला. मग गोषवारा मागे घेतला आणि क्रायोस्टॅट गरम करायला लावला.

हा क्रम चांगला होता. गोषवारा मागे घेणे उघडण्याआधी झाले, त्यामुळे आत काय सापडते यावर तो निर्णय लटकला नाही.

आत काय सापडले

दोन तारा शेजारी-शेजारी, आणि फरक डोळ्यांना दिसणारा. जुनी तार फॉस्फर ब्राँझची, मळकट पिवळसर, दुसऱ्या टप्प्यावरच्या तांब्याच्या रिळाला आठ-दहा वेढे घेऊन पुढे गेलेली. नवी तार लालसर चकचकीत, एनॅमलची तांब्याची, ०.१५ मिमी, ४० केल्विनच्या टप्प्यावरून २० सेंटिमीटरमध्ये सरळ नमुन्यावर उतरलेली. वेढा एकही नाही.

ती लावणारे तंत्रज्ञ तिथेच होते. "बाय, ब्राँझची रीळ तेव्हा संपलेली. ही ट्रान्सफॉर्मरची वायर होती, ती लावली. मीटर बीप देत होता."

"भाई, बीप बरोबरच होता," विद्यार्थिनी म्हणाली. "वायर करंट नेते तशी उष्णतापण नेते, ते आम्ही तुम्हांला सांगायला हवं होतं."

विजेच्या दृष्टीने दुरुस्ती निर्दोष होती, हे खरेच. प्रयोगवहीत नोंद मात्र एवढीच: 'तार बदलली'. कोणत्या धातूची, किती जाड, किती लांब, कुठे गुंडाळली, काही नाही.

हिशेब करून पाहिला. तांब्याची उष्णतावाहकता ४ ते ४० केल्विनमध्ये जोडत गेले की मीटरला साधारण ४०,००० वॉट येते. ०.१५ मिमी तारेचा छेद १.७७ गुणिले १० चा उणे आठवा घात चौरस मीटर, लांबी ०.२ मीटर. उष्णता साडेतीन मिलीवॉट. पाऊण मिलीवॉट प्रति केल्विनच्या थेंबातून ती उतरायला पावणेपाच केल्विनचा फरक लागतो. त्याच जागी ०.१२७ मिमीची फॉस्फर ब्राँझची तार ४० सेंटिमीटर घेतली तर उष्णता दहा मायक्रोवॉटच्या आसपास. दोघींत तीनशे पटींहून जास्त फरक. ब्राँझच्या तारेचा विद्युत रोध काही ओमने जास्त असतो, पण १२.९ किलोओमपुढे त्याची दखल घ्यायचे कारण नाही.

केलेली कामे

तार लगेच बदलावी असे सगळ्यांनाच वाटत होते. मॅडमांनी थांबवले. तार बदलली आणि नॉइज उतरला तर काहीतरी सुधारले एवढेच कळेल. उघडझापीत थेंब नवा पडतो, खाच नवी असते, कनेक्टर पुन्हा बसतात. म्हणून तांब्याची तार तशीच ठेवून गरम बाजूच्या थेंबाला लागून रुथेनियम ऑक्साइडचा चिप रेझिस्टर थर्मामीटर म्हणून लावायचे ठरले.

असे चिप स्वस्त असतात पण प्रत्येकाचा आलेख वेगळा, म्हणून आधी मुख्य थर्मामीटरशेजारी ठोकळ्यावर बसवून जुळवून घ्यावे लागतात. एक पूर्ण फेरी त्यात गेली. त्याच फेरीत दोन चिप जुळवून घेतले, दुसरा पुढे लागणार म्हणून. हे दूरदर्शीपण नंतर चार दिवस वाचवून गेले. चिपच्या चार तारा पातळ फॉस्फर ब्राँझच्या आणि प्रत्येकीचे १० सेंटिमीटर ठोकळ्यावरच्या खुंटीला वार्निशने गुंडाळलेले. हे केले नाही तर थर्मामीटरच उष्णता आणतो आणि मग तो स्वतःचेच तापमान सांगतो. मोजणीचा प्रवाह १ मायक्रोअँपिअर, म्हणजे चिप तापण्याचा प्रश्न नाही.

चवथीनंतरच्या आठवड्यात आकडा मिळाला: थंड बाजू ६.२, गरम बाजू ११.४ केल्विन. सरासरी ८.८. त्यात डेल्टा-टी नॉइजचा वाटा किती? फरक ५.२, सरासरी ८.८, गुणोत्तराचा वर्ग ०.३५. अर्ध्या एककाच्या एकाच वाहिनीच्या जोडणीला फॅनो गुणक ०.५ धरला तर ०.१६ केल्विन. जास्तीच्या पावणेतीन केल्विनमधले एवढेच. गोषवाऱ्यात ज्याला शोध म्हटले होते त्याचा सोळावा-सतरावा हिस्सा.

त्यानंतर तार बदलली. नॉइज तापमान ६.४ वर आले, एका एककाचा गुणक ०.०३ वर.

मुद्दाम केलेला फरक

चौथी वाट मग नीट घेतली. एका बाजूला १ किलोओमचा चिप हीटर, दोन्ही बाजूंना जुळवलेले चिप थर्मामीटर. हीटरला बॅटरीवरून ३.५ मिलीअँपिअर, म्हणजे १२ मिलीवॉट. थंड बाजू ६.५, गरम १८.५, सरासरी १२.५, फरक १२ केल्विन. अर्ध्या एककाला अपेक्षा सुमारे ०.६ केल्विनची. गरम बाजू याहून फार वर नेली नाही, कारण हायड्रोजन २० केल्विनच्या आसपास पृष्ठभागावरून सुटू लागतो आणि जोडण्या अस्थिर होतात.

अडचण अशी की १२.५ वर ०.६ शोधायचे तर सरासरी तापमान ०.१ केल्विनपर्यंत कळायला हवे, आणि चिप थर्मामीटर खाचेपासून एक-दोन मिलिमीटर दूर असतो. त्यावर काढलेला तोडगा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी भाग म्हणता येईल: शुद्ध सोन्याची एका एककाची जोडणीच सरासरी मोजायला वापरली. तिथे पार जाण्याची शक्यता जवळजवळ १, डेल्टा-टी नॉइज जवळजवळ शून्य, म्हणून तिचे नॉइज तापमान हेच खाचेपाशी असलेल्या दोन बाजूंच्या तापमानांची सरासरी. हीटर तसाच चालू ठेवून आधी एका एककाच्या दहा-बारा जोडण्या मोजायच्या, मग हायड्रोजन सोडून खालच्या मोजायच्या, शेवटी पुन्हा एका एककाच्या मिळतील तेवढ्या.

प्रत्येक जोडणी १० सेकंद मोजली. पट्टा १० किलोहर्ट्झचा, म्हणजे सांख्यिकीय चूक ०.३ टक्के, १२.५ केल्विनवर ०.०४. दोन अॅम्प्लिफायरांचे क्रॉस-कोरिलेशन घेतल्याने, म्हणजे दोघांत सारखे दिसते तेवढेच ठेवल्याने, त्यांचा व्होल्टेज नॉइज सरासरीत जातो, पण त्यांचा प्रवाह-नॉइज जात नाही. तो रोधाबरोबर वाढतो, म्हणून कमी वाहकतेच्या जोडण्यांना जास्त चिकटतो आणि नेमका डेल्टा-टी नॉइजसारखा दिसतो. हीटर बंद ठेवून तीच मोजमापे करून तो वजा केला. ही पायरी गाळली असती तर ०.२ एककाखालचे बिंदू खोटेच वर गेले असते. हीटरच्या प्रवाहाची दिशा उलटवूनही मोजले. फरक पडला नाही, म्हणजे हीटरच्या तारांतून विद्युत शिरकाव नव्हता.

निष्पत्ती

०.४ ते ०.७ एककांच्या जोडण्यांत नॉइज तापमान सरासरीपेक्षा ०.४ ते ०.७ केल्विनने वर निघाले, एका एककाशी ०.१ च्या आत. हीटरची शक्ती कमी करून फरक ६ केल्विनवर आणला तेव्हा वाढ मोजमापाच्या चुकीइतकीच उरली. वर्गाने कमी होणाऱ्या गोष्टीचे असेच व्हायला हवे. गटाने हे '२०१८ च्या निष्कर्षाचा पडताळा' म्हणून मांडले, शोध म्हणून नव्हे. जून ते ऑगस्टमधली शॉट नॉइजची मोजमापे तापमान मोकळे सोडून पुन्हा बसवली. त्यांतली एका एककाजवळची वापरता आली. हायड्रोजनची बरीचशी बाद केली, कारण दोन बाजूंचे तापमान वेगळे असताना शॉट नॉइजचे नेहमीचे सूत्र तसेच्या तसे लागू होत नाही.

काय वेगळे करता आले असते

शून्य व्होल्टेजचा नॉइज थर्मामीटरवरून काढण्याऐवजी प्रत्येक जोडणीवर मोजला असता तर ०.१४ हा आकडा आलाच नसता. पण दोषही लपून राहिला असता, कारण ८.८ आणि ६.२ यांची गाठ पडली नसती. म्हणून दोन्ही करायचे: मोजायचा, आणि थर्मामीटरशी ताडून पाहायचा. ही तपासणी आता प्रत्येक वेळी थंड झाल्यावर सर्वांत आधी होते. शुद्ध सोने, एक एकक, पाच जोडण्या, नॉइज तापमान ठोकळ्याच्या ०.३ केल्विनच्या आत नसेल तर पुढे काही मोजायचे नाही.

कॅलिब्रेशनचा रेझिस्टर आता ठोकळ्यावर चिकटवत नाहीत. तो पट्टीवरच, दोन स्टायकास्टच्या थेंबांमध्ये अधांतरी बसवतात, जोडणीसारखाच. जूनमध्ये तो असा असता तर तांब्याच्या तारेने त्याला तापवले असते आणि दोष एका फेरीत सापडला असता.

अर्थिंगवर गेलेले तीन आठवडे टाळता आले असते का, यावर गटात अजून मतभेद आहेत. मॅडमांचे म्हणणे, गोव्यात जूनमध्ये नॉइज वाढला की आधी अर्थ तपासणे चूक नाही. पण स्पेक्ट्रम सपाट आहे हे पहिल्या दिवशीच दिसत होते, आणि सपाट नॉइजसाठी खड्डा खणायची गरज नव्हती, हे दुसऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणे जास्त पटते.

नोंदवहीत 'तार बदलली' या शब्दांऐवजी आता पाच रकाने आहेत: धातू, जाडी, लांबी, कुठून कुठे, कुठल्या टप्प्यावर किती वेढे. फॉस्फर ब्राँझची दुसरी रीळ सिलिका जेलच्या डब्यात ठेवलेली असते, आणि ट्रान्सफॉर्मरची वायर भाईंनी स्वतःच वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवली आहे.